एका वर्षाचे चित्रदर्शन

चित्रे पाहावयास जाणे ही गोष्ट आपल्या संस्कृतीस मुळीच परकी नाही. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक ज्यांनी वाचला असेल त्यांस ठाऊकच आहे की, गर्भवती सीतेचे खिन्न मन रमावे म्हणून लक्ष्मण तिला व रामाला चित्रवीथी दाखवावयास नेतो. तेथे त्यांचेच पूर्वचरित्र रेखाटलेले असते. शूर्पणखेचे चित्र दिसताच सीता भिते. जनस्थानातील प्रसंग पाहून रामाचे डोळे भरून येतात. आणि ती वने, ती भागीरथी पुन्हा एकदा पाहावी असा डोहाळा सीतेला होतो. पुढे लोकापवादाची वार्ता आल्यावर तोच डोहाळा तिच्या वनवासाचे निमित्त ठरतो. चित्र पाहून आलेला मनुष्य गेला होता तसाच परत येत नाही, हे त्या कविश्रेष्ठाने बाराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

असे असूनही आपल्या सुशिक्षित घरांतून चित्रकलेची वास्तपुस्त फारशी होत नाही. नवे नाटक आले की जेवणाच्या पंक्तीत त्याची चर्चा होते. गवयाची बैठक झाली की दुसऱ्या दिवशी घरातील मुलेही त्या रागाचे नाव घेतात. चित्रांच्या बाबतीत मात्र राजा रविवर्म्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतीपाशी आपली पावले थबकली ती थबकलीच. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढून देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचविली, हे त्याचे मोठे उपकार खरेच. परंतु त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, कित्येक थोर चित्रकार आपल्याच प्रांतात होऊन गेले, आणि त्यांची नावेसुद्धा आपल्या मुलांना सांगता येत नाहीत.

या उणिवेचा विचार करण्याचा प्रसंग आमच्या घरात गेल्या वर्षी आला. माझ्या धाकट्या बंधूंची नात तेव्हा अकरावीत, शास्त्रशाखेत शिकत होती. गणितात ती हुशार. म्हणून तिने अभियंता व्हावे, हे तिच्या वडिलांनी ती पाचवीत असतानाच योजून ठेवले होते आणि त्याकरिता पोटाला चिमटा घेऊन पैसाही बाजूला टाकला होता. मुलीने एके दिवशी सांगितले की, मला ‘डिझाइन’ शिकावयाचे आहे. घरात मोठा खल झाला. बंधूंचे म्हणणे, चित्रे काढून कोणाची चूल पेटली आहे? पुतण्याच्या एका मित्राने उलट बाजू मांडली: हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ सालचे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांस गेले, तेव्हा या धंद्यात पैसा नाही असे कोण म्हणेल? मला दोन्ही म्हणणी सारखीच लंगडी वाटली. एकाने उपाशी चित्रकाराचे उदाहरण घेतले, दुसऱ्याने लिलावाचे. ती विद्या काय आहे हे कोणीच पाहिले नव्हते. घरातील वडील म्हणून मला मत विचारण्यात आले. मी म्हणालो, “मला एक वर्ष द्या. मी पाहून येतो, मग बोलतो.”

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला, पुढे पाठशाळेत काव्य व व्याकरण शिकून ३४ वर्षे शाळेत संस्कृत शिकविलेला मनुष्य. चित्रकलेत मला अधिकार नाही. परंतु न समजणाऱ्या श्लोकासमोर बसून राहण्याची सवय मात्र आहे. या वर्षात मी लहानमोठी ३१ ठिकाणे पाहिली: १९ मुंबईत, ११ पुण्यात, आणि एक सातारा जिल्ह्यातील औंधास. बहुतेक वेळी मुलगी बरोबर होती, कित्येकदा सूनबाई, आणि दोनदा बंधूही आले.

मुंबईस जाणाऱ्या वाचकांच्या सोयीकरिता सांगतो की, काळा घोड्याच्या परिसरात अर्ध्या दिवसात पुष्कळ पाहता येते. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर कलादालनात प्रवेशास पैसे पडत नाहीत, आणि तेथील चित्रकार आठवड्या-आठवड्याने बदलत असतात. जवळच सर कावसजी जहांगीर सभागृहाची १९११ सालची इमारत आहे. तेथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय भरते. भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. जुन्या मुंबईच्या वस्तूंबरोबर आजच्या कलावंतांची कामेही तेथे मांडण्याची प्रथा आहे. हिवाळ्यात राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन, सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांची कामे, असे काही ना काही चालूच असते. ही कलाशाळा १८५७ सालची, म्हणजे मुंबई विश्वविद्यालयाच्या वयाची, आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची. ‘आधुनिक कला’ हे काल परवा आलेले खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी ही साले लक्षात ठेवावीत.

नवी चित्रे पाहताना सामान्य प्रेक्षकापुढे पहिली अडचण उभी राहते ती ही की, चित्र कशासारखे आहे ते कळत नाही. १९४७ साली मुंबईत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ या नावाने जी मंडळी एकत्र आली, त्यांच्यापासून आपल्याकडे हा प्रश्न विशेष जोराने विचारला जाऊ लागला. गोव्यातील साळगावचे सूझा, विदर्भातले गाडे, शिल्पकार सदानंद बाक्रे, रझा, हुसेन, आणि घरगडी म्हणून राबत चित्रकला शिकलेले आरा, असे ते सहा जण. जात, धर्म, भाषा यांत एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आणि कलाशाळेत शिकविलेली हुबेहूब नक्कल पुरेशी नाही, याविषयी मात्र सर्वांचे एकमत.

यावर आपल्या शास्त्रकारांचे काय म्हणणे पडले असते, असा विचार माझ्या मनात वारंवार येई. कामसूत्राचा टीकाकार यशोधर चित्राची सहा अंगे सांगतो. त्यांत सादृश्य आहे, परंतु ते सहांपैकी एक आहे; रूपांचा भेद, प्रमाण, भाव, लावण्याची योजना आणि रंगांचे मिश्रण ही बाकीची पाच. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेयास मूर्ती घडविण्याची विद्या विचारतो, तेव्हा ऋषी सांगतात की त्याकरिता आधी चित्र जाणावे, चित्राकरिता नृत्य, नृत्याकरिता वाद्य, आणि वाद्याकरिता गायन. ज्या परंपरेने चित्राचे मूळ गाण्यात शोधले, तिला चित्र म्हणजे केवळ आरसा नव्हे हे सांगावयास नको.

हे दूरच्या शास्त्रातले झाले. पण आपल्या अंगणातही त्याचा दाखला आहे. सूनबाई रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी घालते. ती कोणाच्या सारखी असते? झाडासारखी नाही, पाखरासारखी नाही. ठिपक्यांचे अंतर सारखे हवे, रेघ न तुटता फिरून आपल्या जागी यावयास हवी, एवढेच तेथे नियम. आणि रेघ चुकली तर पाच वर्षांच्या मुलालाही ते कळते. जे नेत्र रांगोळीपुढे सादृश्य मागत नाहीत, त्यांनी चौकटीतील चित्रापुढेच ते का मागावे?

वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र पाहताना ही रांगोळी मला फार उपयोगी पडली. हे नागपुरात १९२४ साली जन्मले, १९४८ साली ज. जी. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले, आणि २००१ साली दिल्लीत निवर्तले. २०१४ साली न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. कुंचल्याऐवजी रूळ व पाते वापरून ते रंग पसरीत, खरवडून काढीत, पुन्हा चढवीत. मी एका बाकावर पाऊण तास त्या चित्रासमोर बसलो, आणि वर्गात श्लोक लावून दाखवीत असे त्या क्रमाने गेलो. प्रथम पदच्छेद: कोणते रंग आहेत, कोठे गडद, कोठे विरळ. मग अन्वय: वरचा डाग खालच्या रिकाम्या जागेशी कसा बांधला आहे, कोणता काढला तर बाकीचे कोसळेल. मग भावार्थ. पहिल्या दहा मिनिटांत मला केवळ पिवळसर भिंत दिसत होती. हळूहळू एका थराखालचा दुसरा थर दिसू लागला, आणि पहाटे नदीवर धुके उतरते तेव्हा पैलतीर जसे असते आणि नसतेही, तशी अवस्था झाली. हा त्याचा ‘अर्थ’ आहे असे मी म्हणत नाही. चित्राने मला पाऊण तास गप्प बसविले, आणि त्या गप्प बसण्यात कंटाळा नव्हता, एवढे मात्र सांगतो.

अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना म्हटले आहे की, काव्याच्या सतत अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो, तो सहृदय. या लक्षणातील महत्त्वाचा शब्द अभ्यास हा आहे. सहृदयता ही जन्मजात देणगी असून ती काहींनाच मिळते, असे तो म्हणत नाही. घासल्याने आरसा स्वच्छ होतो, असे म्हणतो. वर्षभराच्या भटकंतीतून मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. कालिदास ज्याने एकदाच चाळला त्याने त्याच्याविषयी मत देऊ नये, असे आपण विद्यार्थ्यांस सांगतो. तोच नियम चित्राला लावावा. पाहणे ही विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणे ती आवृत्तीने येते.

अर्थात जे जे टांगले आहे ते ते उत्तमच, असा भाबडेपणा कोणी करू नये. ३१ ठिकाणांपैकी पाच-सहा ठिकाणांहून मी रिकाम्या हाताने परतलो. एका ठिकाणी भिंतीवर कामाची माहिती दोन हात लांब छापलेली, आणि काम म्हणाल तर चार तारा व एक फुटकी खुर्ची. आमच्या परंपरेत सूत्राहून भाष्य मोठे असते हे मान्य. परंतु तेथे आधी सूत्र असावे लागते. दुसऱ्या एका दालनात सारी माहिती इंग्रजीत होती, मराठीचे एक अक्षर नव्हते. माझ्या शेजारी एक बाई दोन मुलांना घेऊन उभ्या होत्या. त्यांनी क्षणभर पाटीकडे पाहिले, मुलांचे हात धरले आणि त्या निघून गेल्या. ज्या शहरात हे दालन आहे त्या शहराच्या भाषेत चार ओळी लिहिण्यास फार मोठा खर्च येत नाही. लोकांना कला कळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी लोकांशी बोलावे.

याच्या उलट अनुभव ठाण्याच्या डॉक्टर सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांपुढे आला. त्यांनी सुमारे तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून रुग्णांची सेवा केली, आणि त्याच काळात कामगार, रेल्वेचे प्रवासी, उपनगरांतील चाळी व नव्या इमारती चितारल्या. त्यांच्या चित्रापुढे बंधू, जे मोठ्या नाखुशीने आले होते, ते जिन्यावरच्या एका थकलेल्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, “हा आपल्या कचेरीतल्या शिपायासारखा उभा आहे.” आणि मग पुढल्या चित्राकडे आपण होऊन गेले.

औंधाची गोष्ट याहून नवलाची. तेथे यमाईच्या डोंगरावर श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय बांधले. ते स्वतः चित्रकार होते. तेथे रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि त्यांच्याच सहवासात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे शिल्प आहे. नाकडोळे रेखीव नाहीत. सारे आकार ठोकळ, गोलसर. देवीच्या दर्शनास आलेल्या एका शेतकरी बाई त्याच्यापुढे थांबल्या होत्या. मी विचारले, “काय दिसते?” त्या म्हणाल्या, “लेकरू हाय की मांडीवर.” त्यांना कोणी भाष्य वाचून दाखविले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ‘डिझाइन’कडे वळतो. या शब्दास कोणी अभिकल्प म्हणतात, कोणी संकल्पन. नाव काहीही द्या. वस्तू करण्यापूर्वी ती कोणाच्या हातात जाणार, कशी धरली जाणार, किती दिवस टिकणार याचा समूळ विचार करणे, हा त्याचा गाभा. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स हे दांपत्य १९५८ साली अहवाल लिहावयास बसले, तेव्हा त्यांनी भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत आपल्या साध्या तांब्याची सर्वांत अधिक स्तुती केली. पाणी किती मावावे, डोक्यावर वा कडेवर तोल कसा राहावा, गळा धरताना बोटे कोठे बसावीत, आतून हात घालून घासता यावे, पाणी ओतताना धार कशी पडावी, अशा प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्यांनी त्या आकारात साठविली आहेत. त्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, आणि १९६९ साली मुंबईत पवईच्या आय.आय.टी.त या विषयाचे केंद्र सुरू झाले. तांब्यातून विद्यापीठ उभे राहिले म्हणावयास हरकत नाही.

संस्कृताच्या शिक्षकास याहून जवळचे उदाहरण अक्षराचे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे टाइप ज्यांनी पाहिले आहेत त्यांस विचारावे की ‘क्ष्म्य’, ‘र्त्स्न्य’ अशी जोडाक्षरे इतकी सुबक बसविण्यास काय लागत असेल. माझी सारी विद्या त्या अक्षरांच्या वाटेने डोळ्यांतून आत गेली. आणि आज संगणकावर आपण मराठी वाचतो, त्यांतले ‘मंगल’ हे सर्वत्र पसरलेले अक्षर कोणाचे? र. कृ. जोशी यांचे. ते कवी, सुलेखनकार आणि पवईच्या त्याच केंद्रातले अध्यापक. २००८ साली ते गेले. लाखो लोक रोज त्यांचे काम वाचतात आणि त्यांचे नाव जाणत नाहीत. चित्रकार प्रभाकर बरवे यांनीही आपल्या आयुष्याची अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात कापडाचे नमुने करण्यात वेचली, आणि हुसेन यांनी तरुणपणी सिनेमाचे फलक रंगविले, लाकडी खेळण्यांचे नमुने केले. शुद्ध कला आणि पोटापाण्याची कला यांत आपण जी भिंत समजतो, ती त्या माणसांच्या आयुष्यात नव्हती.

एका विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात आम्ही वृद्धांच्या औषधांचे वेष्टन पाहिले. अक्षरे मोठी, आणि सकाळ-रात्र ओळखण्याकरिता खुणा. घरी परतल्यावर मुलीने काही न बोलता कागदाच्या पिशव्या शिवल्या. आमच्या वहिनींना रक्तदाबाची व मधुमेहाची मिळून सात औषधे आहेत, आणि दृष्टी अधू झाल्यामुळे गोळ्यांची अदलाबदल होऊन एकदा त्यांना रात्री इस्पितळात न्यावे लागले होते. पहिल्या पिशवीवर उगवता सूर्य होता, दुसरीवर डोक्यावरचा, तिसरीवर चंद्र. वहिनी म्हणाल्या, “सूर्य दोन्ही सारखेच दिसतात गं.” मुलीने त्या फाडल्या. दुपारच्या पिशवीवर ताट काढले, आणि सकाळच्या पिशवीचे तोंड दोऱ्याने वेगळे शिवले, म्हणजे अंधारातही बोटांना कळावे. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी वहिनींनी काही म्हटले नाही. त्या गोळ्या आपल्या आपण घेऊ लागल्या.

वर्ष संपल्यावर मी घरच्या मंडळींस माझे मत सांगितले. पैसा किती मिळेल हे मी सांगू शकत नाही. अभियंत्यांचेही आज कोण सांगू शकतो? परंतु ही विद्या आहे, छंद नव्हे. तिला गणित लागते, हस्तकौशल्य लागते, आणि दुसऱ्याच्या अडचणीत शिरून पाहण्याची वृत्ती लागते. मुलीत या तिन्ही आहेत, आणि आपले केलेले चार वेळा फाडण्याची चौथी गोष्टही आहे. पुतण्या बराच वेळ बोलला नाही. पाचवीपासून मनात बांधलेले घर मोडणे बापाला सोपे नसते, आणि त्याचे मौन मला योग्य वाटले. अखेर असे ठरले की तिने दोन्ही प्रवेशपरीक्षा द्याव्यात, आणि डिझाइनच्या सरकारी संस्थेत जागा मिळाल्यास तिकडे जावे. परीक्षा अजून व्हावयाची आहे. साठविलेला पैसा तिच्या नावाने तसाच ठेवला आहे.

ज्या घरांतून असा प्रश्न उद्या उभा राहील, त्यांस माझी विनंती एवढीच आहे. मुलांना वर्षातून चार वेळा तरी चित्रे पाहावयास न्यावे. एका दिवशी एकच प्रदर्शन पाहावे, आणि तेथेही एका चित्रापुढे पंधरा मिनिटे थांबावे. माहितीची पाटी शेवटी वाचावी. “हे काय आहे?” असे मुलास विचारण्यापेक्षा “तुझी नजर आधी कोठे गेली, आणि मग कोठे?” असे विचारावे. आवडले नाही तर तसे मोकळेपणाने म्हणू द्यावे, पण का ते सांगावयास लावावे. घरी आल्यावर जेवणाच्या पंक्तीत त्याचा विषय काढावा. पंक्तीतील वडीलधाऱ्यांनी त्या वेळी थोडे कमी बोलावे आणि अधिक ऐकावे. कारण या एका विषयात नातवंडांचे डोळे आपल्याहून ताजे आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसून पाहावयास शिकण्यात वडीलकीला काही उणेपणा येत नाही.